अतिभारारोपण

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केलेले असतात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. चौथ्याचा अर्थ सांगताना आमचे गुरुजी बैलगाडीचे उदाहरण देत. माणसाच्या लेकरावरही असे ओझे पडू शकते, हे तेव्हा कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितले नाही.

देवरी तालुक्यातील आमच्या चिचगड भागात उन्हाळा म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. कुटुंबेच्या कुटुंबे पहाटे जंगलात शिरतात, ऊन चढताच परततात आणि सावलीत बसून पुडके बांधतात. एका पुडक्यात ७० पाने. मजुरी पुडक्यांच्या संख्येवर, त्यामुळे लहानांचे हातही हवेसे होतात. शाळेला तेव्हा सुटी असते. सुटीत आईजवळ बसून पाने मोजणाऱ्या मुलीला सरसकट बालकामगार म्हणणे मला पटत नाही; आपलीही मुले सुटीत गल्ल्यावर बसतातच.

परंतु घरच्या मदतीची ही पळवाट किती रुंद होऊ शकते, ते याच पानाच्या पुढील प्रवासात दिसते. १९८६ च्या कायद्याने विडी वळण्याचे काम बालकांना निषिद्ध ठरविले, आणि त्याच कायद्याने कुटुंबाच्या साहाय्याने चालणाऱ्या कामास सूट दिली. विडी तर घराघरांतच वळली जाते! पुढे २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला. शाळा सुटलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात बसण्याचा अधिकार त्याने दिला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली. कुटुंबाला मदत करण्याची मुभा राहिली ती शाळेच्या वेळेबाहेर व सुटीत, तीही धोक्याच्या कामात नव्हे.

व्यापारी बंधू यावर म्हणतात, ‘कामानेच मूल घडते, कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका हेच सांगितले ना?’ जैन कुळात जन्मलेल्या, १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या त्या पुरुषाचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांच्या वसतिगृहातील मुलगा शिकता यावे म्हणून राबत असे. आपल्या दुकानातला मुलगा राबतो तेव्हा त्याची शाळा सुटलेली असते.

‘आपल्या’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. काही वर्षांपूर्वी आमच्याच दुकानात बारा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या वडिलांनीच आणून सोडला होता. दोन वेळचे जेवण, दिवाळीला कपडे. आम्हाला ते पुण्यकर्म वाटे. रोज सकाळी तो माझ्या मुलाचे दप्तर शाळेच्या फाटकापर्यंत नेई आणि परत येऊन पायरी झाडी. दोघे एकाच वयाचे. हे मी वर्षभर पाहिले, पण दिसले नाही. चातुर्मासात एका साध्वीजींनी गोचरीला आल्यावर सहज विचारले, ‘हा कोणत्या इयत्तेत आहे?’ घरात कोणालाच उत्तर देता आले नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याचे नाव शाळेत घातले. वडिलांची अडचण खरी होती. त्यांना मिळणारी रक्कम तो आठवी होईपर्यंत चालू ठेवली. दुकानासाठी प्रौढ माणूस नेमला. त्याने पगार सांगितला तो मुलाच्या तिप्पट. त्या संध्याकाळी मी जुनी वही काढून त्या वर्षीच्या नफ्याचा हिशेब पुन्हा मांडला.