यलोस्टोनचे लांडगे आणि कार्यकारणाचे जाळे

परिसंस्थेतील घटक बाणांनी जोडून कशामुळे काय घडले हे ठरवणाऱ्या प्रतिमानांचे पुरस्कर्ते म्हणतात, निव्वळ सहसंबंधावर विसंबण्यापेक्षा आपली गृहीतके उघड मांडावीत. १९२१ मध्ये जनुकशास्त्रज्ञ सिवॉल राइट यांनी अशा प्रतिमानांचा पाया असलेले पथविश्लेषण मांडले, तेव्हापासूनचे हे बळ मला पूर्ण मान्य आहे. माझा विरोध आहे तो आकृती आकडेवारीशी जुळली की कारण सिद्ध झाले, या समजुतीला. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून १९२०च्या दशकात नाहीसे केलेले लांडगे १९९५-९६ मध्ये कॅनडातून आणले गेले, एकूण ३१. पुढे एल्क हरणे घटली आणि काही ओढ्यांकाठी विलोची (आपल्या वाळुंजाच्या कुळातील) झुडपे उंचावली. लांडगा, एल्क, विलो अशी सुबक साखळी जगभर गाजली. पण त्याच काळात अस्वले वाढली होती, उद्यानाबाहेर एल्कची शिकार चालू होती, दुष्काळही पडला होता. शिवाय २००१ पासून तेथे एक प्रयोग झाला. एल्कनी विलो खाऊ नये म्हणून काही जागांना कुंपण घातले, काही ठिकाणी बीव्हर (ओढ्यांवर लाकडाचे बांध घालणारा प्राणी) बांधतो तसे बांध घातले. नुसत्या कुंपणाने विलो पुरेशी सावरली नाही; बांधामुळे भूजल वर आले आणि कुंपणही होते, तिथे ती जोमाने वाढली. बीव्हर गेल्यावर ओढ्यांनी पात्र खोल कापले होते आणि पाणी मुळांच्या आवाक्याबाहेर गेले होते. विलोला पाणी मिळते बीव्हरच्या बांधामुळे, आणि बीव्हरला अन्न व लाकूड मिळते विलोपासून. बाणांच्या नेहमीच्या जाळ्यात असे वर्तुळ चालत नाही.

यावर उत्तर येते की वर्तुळ काळानुसार उलगडावे: आजचे बीव्हर, उद्याचे पाणी, परवाची विलो. तर्क बिनचूक आहे, पण त्यासाठी प्रत्येक टप्प्याची मोजणी हवी, आणि ओढे खोल जात होते त्या दशकांत भूजल कोणी मोजत नव्हते. त्याहून मोठी अडचण अशी की खुद्द बाणाचे बळच बदलते. पात्र उथळ असताना एल्क कमी झाल्याने विलोला जेवढा लाभ झाला असता, तेवढा पात्र खोल गेल्यावर होत नाही. बाणाचे बळ सांगणारा, सगळ्या वर्षांची सरासरी काढणारा गुणांक नेमका हाच उंबरठा पुसून टाकतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अख्ख्या जंगलावर प्रयोग करता येत नाही, मग प्रतिमानाशिवाय उरते काय? प्रतिमान जरूर वापरावे, पण एकच जाळे रंगवून नव्हे. प्रतिस्पर्धी जाळी शेजारी ठेवावीत, कोणते निरीक्षण कोणते जाळे मोडेल हे आधी लिहावे, आणि छोट्या क्षेत्रावर तरी हस्तक्षेप करून पाहावा. नाहीतर उद्यानाचे व्यवस्थापक लांडग्यांच्या भरवशावर थांबतील आणि ओढ्यात पाणी अडवण्याचे काम कोणाच्या यादीतही येणार नाही.