पुढे केलेला हात

गोरिला म्हटला की छाती बडवीत अंगावर येणारा राक्षसच आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. पण १९७० साली रुवांडातल्या विरुंगा पर्वतात निराळेच घडले! डायन फॉसी या अमेरिकन बाई १९६७ पासून तिथे गोरिलांजवळ, त्यांच्यासारखाच पाला चघळीत बसत. एके दिवशी ‘पीनट्स’ नावाच्या तरुण नराने त्यांच्या पुढे केलेल्या हाताला हलकेच बोटे लावली, छाती बडवली आणि तो कळपाकडे परतला.

१९७७ च्या अखेरीस बाईंचा लाडका ‘डिजिट’ मात्र आपल्या कळपाला निसटू देताना चोरट्या शिकाऱ्यांच्या भाल्यांना बळी पडला.

आज प्रवाशांना गोरिलांपासून दूरच उभे करतात. आपली साधी सर्दीही त्यांच्या जिवावर बेतते. वाचकहो, कधी कधी मायेनेही हात आखडता घ्यावा लागतो!