रात्रीं श्वास घेणारा महावृक्ष

झाडें दिवसा कर्बाम्ल वायु घेतात, असें आम्हीं तीस वर्षें फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतलें. त्या विधानास केवढा मोठा अपवाद आहे, हें निवृत्तीनंतर कळलें! त्या अपवादाचें नांव सग्वारो.

आपल्याकडे निवडुंग हा शब्द फार सैल वापरतात. कुंपणावरचा पांढऱ्या चिकाचा त्रिधारी निवडुंग हा वैद्यकांतील स्नुहीचा सगोत्र. त्याचें कुळ निराळें. परदेशांतून आलेला फड्या मात्र अस्सल, आणि सग्वारो हा त्याचाच भाऊबंद. आरिझोना व मेक्सिकोंतील सोनोरा येथील वाळवंट हें त्याचें घर. चाळीस फुटांचा हा हिरवा खांब पहिल्या आठ वर्षांत जेमतेम दीड इंच वाढतो, तोही दुसऱ्या झाडाच्या सावलींत. पहिली फांदी फुटावयास पन्नास ते सत्तर वर्षें लागतात. आयुष्य दीडशेंहून अधिक. पाऊस पडला कीं वितभर खोलीवर दूरवर पसरलेलीं मुळें पाणी शोषितात, आणि अंगावरच्या उभ्या चुण्या पेटीच्या भात्याप्रमाणें फुगतात.

पण खरी युक्ति श्वासाची. दिवसा रंध्रें उघडलीं तर सांठविलेलें पाणी उडून जाईल, म्हणून हा तीं मिटून घेतो. रात्रीं गारव्यांत उघडून वायु घेतो, त्याचें अम्ल करून ठेवितो, आणि दुसरे दिवशीं दारें बंद करून उन्हांत त्याची साखर बनवितो. फुलेंही रात्रींच उमलतात. वटवाघळें त्यांवर येतात, पहाटेनंतर पारवे व मधमाशा. जूनच्या सुमारास फळें पिकतात. तेथील तोहोनो ओ'ओधाम लोक सग्वारोस आप्त मानितात, आणि मेलेल्या सग्वारोच्याच लांब फांसळ्यांची काठी करून तीं फळें पाडितात.

जुलै १९२३ नव्हे, २०२३ ची गोष्ट. (जुन्या शतकाची संवय सुटत नाहीं.) फीनिक्स शहरांत सतत एकतीस दिवस पारा एकशेंदहा अंशांवर होता. दिवसाचें ऊन ह्यानें सोसलें असतें. परंतु रात्रीही निवाल्या नाहींत. श्वासाची वेळच तापली. शहरांतील कित्येक सग्वारोंच्या फांद्या गळाल्या, कांहीं तर समूळ कोसळले. त्यांच्या जागीं आज रोप लाविलें, तर त्यास पहिली फांदी फुटलेली आमचीं नातवंडें त्यांच्या म्हातारपणीं पाहतील.