मुलीसाठी दुर्मिळ नाव हवंय?

मंडळी, आपल्या पिढीत मुलीचं नाव ठेवणं म्हणजे एक प्रोजेक्टच झालाय. नाव छोटं हवं, परदेशातल्या मॅनेजरला उच्चारता यायला हवं, अर्थ संस्कृतातून निघायला हवा आणि मुख्य म्हणजे वर्गात दुसऱ्या कुणाचं नको. ऑफिसात कुणाकडे बाळ येणार असलं की महिनाभर आधी एक्सेल शीट फिरायला लागते. हौस आहे, असू दे. माझी काही तक्रार नाही.

पण दुर्मिळच हवं असेल तर माझ्याकडे एक आहे. अस्सल मराठी, तीन अक्षरी, शेवटी आकार, अर्थाबद्दल वाद नाही. आणि दिवसेंदिवस आणखी दुर्मिळ होत चाललेलं.

नकुसा.

आता व्युत्पत्ती. 'नको' हा खास आपला शब्द. हिंदीत तो नाही, आणि हैदराबादच्या दखनीत जो 'नक्को' ऐकू येतो तो मराठीतून गेलेला. त्याला 'सा' जोडला की नकोसा, नकोशी, नकोसं. बोलीत त्याचंच नकुसा, नकुशी झालं. गंमत बघा, 'नको' हा नकार आहे, एकदा दिला की संपला. 'नकोशी' ही भावना आहे, ती मुक्कामाला राहते. तिसरी किंवा चौथी मुलगी झाली की तिचं नाव नकुसा ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी मुलगा होतो, अशी समजूत.

कुणी म्हणेल, पूर्वी मुलांचीही दगडू, धोंडू, भिक्या अशी नावं ठेवायचेच की! ठेवायचे. पण मूल जगत नसलं की ठेवायचे, दृष्ट लागू नये म्हणून. नाव ओबडधोबड, हेतू त्या मुलाला जगवायचा. नकुसाचं नाव तिच्यासाठी नसतंच. तो न जन्मलेल्या भावासाठी पाठवलेला निरोप असतो, आणि ती बिचारी जन्मभर पोस्टकार्ड म्हणून फिरते. मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यात एका अनुस्वाराचा फरक आहे. इथे तोही उरत नाही.

यात आपण एकटे नाही. हरियाणात 'भतेरी' म्हणजे पुरे झाल्या. तमिळनाडूत 'वेंडाम' म्हणजे नकोच. चीनमध्ये 'झाओदी' म्हणजे धाकट्या भावाला बोलावून आण.

आपल्याकडे हे नाव गाजलं ते साताऱ्यामुळे. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्ह्यात २८५ मुलींचा समारंभ करून त्यांना नवी नावं दिली गेली. जगभरच्या पेपरांत बातमी आली. पुढे २०१६ मध्ये 'नकुशी' नावाची मालिकाही टीव्हीवर आली. त्या समारंभाला मी हसणार नाही. वर्गात हजेरी घेताना रोज 'नकुसा' अशी हाक ऐकणं काय असतं ते त्या मुलींनाच ठाऊक. नाव बदललं, उत्तम झालं.

माझं भांडण त्यानंतर आपण जो निष्कर्ष काढतो त्याच्याशी आहे. "हल्ली कुठे कोण नकुसा ठेवतं? लोक सुधारले." हे वाक्य मी इतक्या शिकल्यासवरल्या तोंडून ऐकलंय की आता कानशिलं तापतात.

माझं मूळ गाव बीड जिल्ह्यात, म्हणून बीडचंच बोलतो. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली किती, हा आकडा जनगणनेत असतो. बीडमध्ये २००१ साली तो ८९४ होता. २०११ साली ८०७. महाराष्ट्रात सगळ्यात खाली. निसर्गावर सोडलं तर तो ९५०च्या आसपास राहायला हवा. म्हणजे दर हजार मुलग्यांमागे जवळपास दीडशे मुली हिशोबातून गायब. आणि लक्षात घ्या, साताऱ्यात मुलींना नवी नावं मिळाली तेही २०११च.

कोड लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. व्हेरिएबलचं नाव बदलून बग जात नाही. इथे तर त्याहून वाईट झालं. पूर्वी एरर निदान लॉगमध्ये दिसायचा, नकुसा नावाने शाळेच्या हजेरीपटावर यायचा. आता इनपुटच आधी गाळलं जातं. लॉग स्वच्छ, डॅशबोर्ड हिरवा, सगळे खूश!

थोडक्यात, नकुसा हे नाव दुर्मिळ झालं ते ती हवीशी झाली म्हणून नव्हे. तिला नाव ठेवायची वेळच येऊ नये अशी सोय झाली म्हणून. जुन्या समजुतीला चार मुली जन्मू द्याव्या लागायच्या. सोनोग्राफीला नाही लागत. नकुसा नकोशी होती, पण होती तरी!

ही सोय चोरून झाली, कायदा नव्हता म्हणून नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा १९९४चा. बीडचा आकडा ८९४ वरून ८०७ वर घसरला तो कायदा जागेवर असताना. मे २०१२ मध्ये परळीला डॉ. सुदाम मुंडे यांच्या दवाखान्यात गर्भपाताच्या वेळी एका बाईचा जीव गेला. तिला आधीच्या चार मुली होत्या. त्यानंतर राज्य हादरलं, चौकश्या झाल्या, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने मुंडे पती-पत्नीला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्या बाईच्या सासर-माहेरात कुणी मुलीचं नाव नकुसा ठेवलं होतं का, हा प्रश्नच गैरलागू आहे. नावाचं काम मशीनने केलं होतं.

आता "ते मागासलेले, अडाणी" हा सूर निघायच्या आत दोन गोष्टी.

पहिली. बीडमधून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला जातात, पाच-सहा महिन्यांसाठी. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. वयात आलेली मुलगी गावी ठेवायची कुणाजवळ, आणि फडावरच्या कोपीत न्यायची कशी? मग लग्न उरकून टाकतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी शंभरात चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. लग्न म्हणजे हुंडा, हुंडा म्हणजे पुन्हा उचल. मुलगी ओझं वाटते त्यामागे हा व्यवहार आहे. समारंभात नारळ फोडून तो बदलत नाही. मुलींचं वसतिगृह उघडलं तर बदलतो, हंगामात शाळा आणि खाणावळ चालू राहिली तर बदलतो.

दुसरी. सगळं गरिबीच्या माथी मारू नका. त्याच २०११च्या जनगणनेत कोल्हापूर ८६३ आणि सांगली ८६७. हे तर साखरेचे, दुधाचे, बागायतीचे जिल्हे! आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू या कंपन्यांना गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातींचे शब्द अडवण्याचं मान्य करावं लागलं. फडावरची बाई सर्च इंजिनवर शोधत होती असं वाटतं का तुम्हाला? शोधणारे आपल्यातलेच होते. वायफाय असलेले, क्रेडिट कार्ड असलेले.

आपल्यात नकुसा नाही म्हणता? आपल्या क्यूबिकलमध्ये बघा. पहिली मुलगी झाली की "पहिली बेटी, धनाची पेटी" म्हणून पाठ थोपटायची. अहो, हे अभिनंदन आहे की सांत्वन? दुसरी झाली की तीही म्हण संपते. मग "असू दे, हल्ली मुलीच आईबापाला बघतात." मुलगा झाल्यावर कुणाला असू दे म्हटल्याचं ऐकलंय? आणि दवाखान्यातून फोन आला की पहिला प्रश्न, "पेढे की बर्फी?" बाळ-बाळंतीण बरी आहे का, हा प्रश्न नंतर. पुण्यातल्या टू बीएचकेमधली ही नकुसा आहे. तिचं नाव कियारा असेल, एवढाच फरक.

असो. नुसतं बोलून थांबायचं नाही म्हणून सांगतो. नकुसा नावाच्या बायका आजही आहेत. काही तीस-चाळिशीतल्या, काही आज्या. काहींना लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून दुसरं नाव दिलं गेलं, तेही न विचारताच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचं नाव लिहायचं, असा महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे. निर्णय चांगलाच. पण आई नकुसा असेल तर तो शब्द आता बाळाच्या दाखल्यावरही येणार. नाव बदलायचं तर राजपत्रात छापून आणावं लागतं, अर्ज ऑनलाइन असतो. आपल्यासारख्याला तो भरायला अर्धा तास पुरे, तिला मात्र अख्खा दिवस आणि एक एजंट लागतो. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर शनिवारी लॅपटॉप घेऊन जा. फक्त एक करा. नवीन नाव तुम्ही सुचवू नका, तिला विचारा. तिला आहे तेच ठेवायचं असेल तर तेही तिचंच. आजवर तिच्या नावाबद्दल सगळ्यांचं मत घेतलं गेलं, तिचं सोडून.

आणि पुढची जनगणना २०२७ची आहे. नकुसा किती उरल्या ते त्यात शोधत बसू नका. बीडच्या ओळीतला तो एक आकडा बघा. तो ९५०च्या जवळ आला, तर आपण सुधारलो म्हणा.