अनामत ही अमानतच आहे

मराठीतला ‘अनामत’ हा शब्द अरबी ‘अमानत’वरून आला. विश्वासाने सोपवलेली, मागताच परत करायची ठेव. घरभाड्याच्या व्यवहारात हा अर्थ आपण विसरत चाललो आहोत.

साताऱ्यातले भाड्याचे घर सोडून मी सांगलीला परत आलो, तेव्हा माझे 40,000 रुपये मालकांकडे होते. चार महिने ‘पुढच्या आठवड्यात देतो’ ऐकले. मग ‘सगळे रंगकामात गेले’ असे उत्तर आले. मालक आपल्याच समाजातले. ओळखीचे बुजुर्ग म्हणाले, “घर मिळालं हेच नशीब समज. आपल्याच माणसाला कोर्टात खेचू नकोस.”

आपल्याला घर मिळताना अडचण येते हे खरे. पण त्या अडचणीचा फायदा आपल्यातल्याच कुणी घेतला, तर गप्प बसणे ही एकी नव्हे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 55 सांगते की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा; नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होत नाही तोवर. आमचा करार नुसता नोटरी केलेला होता. मुंबईसारखे स्वतंत्र लघुवाद न्यायालय आपल्याकडे नाही. दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो आणि पैसे वसुलीला साधारण तीन वर्षांची मुदत असते.

मी आधी रजिस्टर पोस्टाने नोटीस दिली. मग दावा लावण्यापूर्वीच लोकअदालतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. तिथे मालकांनी फुटलेल्या बेसिनचे 4,000 रुपयांचे बिल दाखवले. चूक माझी होती, मी मान्य केले. बाकीचे 36,000 मिळाले. लोकअदालतीतल्या तडजोडीला 1987 च्या कायद्याने हुकूमनाम्याचा दर्जा आहे आणि तिच्यावर अपील नाही.

आज आम्ही एकमेकांना सलाम करतो. नाते कोर्टाच्या पायरीने नाही, त्या चार महिन्यांच्या टोलवाटोलवीने बिघडले होते.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, असे सूरह बकराची 282 वी आयत सांगते. म्हणून करार नोंदवा, अनामत बँकेतूनच द्या, घरात शिरताना आणि सोडताना प्रत्येक खोलीचे फोटो काढा. आणि बुजुर्गांना विनंती: मिटवायचेच असेल तर जरूर मिटवा, पण रक्कम आणि तारीख कागदावर लिहून.