किल्ला कोणी बांधला?

वाचकहो, दिवाळी अंकात खेळांवर लिहायचे तर पत्ते, कॅरम किंवा बुद्धिबळ यांवर लिहावे, अशी रीत आहे. आम्ही मात्र वर्षभर या पानावर संगणकावरच्या खेळांची उठाठेव करीत असतो. तेव्हा सणासुदीलाही आमच्याकडून दुसरे काही निघणार नाही. चिवड्याची बशी जवळ ओढा आणि ऐका.

संगणकावर खेळणाऱ्या माणसाविषयी सभ्य घरांत दोन समज आहेत. एक, तो रिकामटेकडा असतो. आणि दुसरा, तो पैसेवाला असतो. पहिल्याविषयी आम्ही काही बोलत नाही. दुसरा मात्र साफ खोटा. आम्ही शिरूरचे, आमची ताई दौंडला. दौंडला रेल्वेचे मोठे जंक्शन, तर शिरूरला रेल्वेच नाही. पण संगणकाचे सुटे भाग घ्यायचे झाले की दोन्ही गावांना पुण्याची तपकीर गल्ली गाठावी लागते. ताईकडच्यांनी आगगाडीने, आम्ही एसटीने. आमच्या भाच्याने वडापावाला फाटा देऊन दोन वर्षे पैसे साठवले, ते रॅमच्या दोन पट्ट्यांसाठी. २०२५ च्या अखेरीस तो दुकानात गेला आणि भाव ऐकून तसाच परत आला. "मामा, माझी रॅम एआयने खाल्ली," एवढेच तो फोनवर म्हणाला.

त्याचे म्हणणे खरेच होते. 'पावसातला वाडा काढून दे' असे लिहिताच जे यंत्र वाड्याचे चित्र काढून देते, आवाज काढते, वर गोष्टही लिहून देते, त्याच्या पोटाला मेमरी फार लागते. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या तयार करतात. गावात मोठे लग्न निघाले की गवळ्याचे सगळे दूध तिकडे जाते आणि बाकीच्यांच्या चहाचे हाल होतात, तसे झाले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने 'क्रुशल' हा किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा जवळजवळ तीस वर्षांचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. एआयवाल्यांची मागणी पुरवायची आहे, हे कारणही त्यांनी उघडपणे सांगितले.

बरे, आमचे दूध नेऊन हे लग्नघर आम्हाला जेवायला काय वाढते? इथे मतभेद सुरू होतात. पण लहानपणी दिवाळीत किल्ला केलेल्या माणसाला हा वाद चटकन उमगेल.

विटा रचायच्या, वर पोते टाकायचे, चिखलाने लिंपायचे, उतारावर मोहरी पेरायची. मावळे मात्र बाजारातून आणायचे. ते घरी घडवीत बसा असे कोणी म्हणत नाही. पण दरवाजा कुठे, चोरवाट कोठून, तोफेचे तोंड कोणाकडे, हे पोरांनीच ठरवायचे. त्यावरून भांडणे होतात आणि खरा खेळ तोच असतो. अलीकडे तयार किल्लाही विकत मिळतो. दिसायला सुबक; पण त्याच्यापाशी पाच मिनिटांहून अधिक कोणी रमत नाही. एआयविषयी आमचे मत एवढेच आहे: मावळे खुशाल विकत आणा, किल्ला आणू नका, आणि आणलाच, तर तो आपण बांधला असे सांगू नका.

आता हा गज लावून पाहा. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने असे तंत्र आणले, की ग्राफिक्स कार्ड एक चित्र खरे काढते आणि पुढची तीनपर्यंत चित्रे अंदाजाने भरते. दुधात पाणी, पण गवळी सांगून घालतो. आमची तक्रार नाही. अमेरिकेत गेमना आवाज देणाऱ्या कलावंतांनी जुलै २०२४ पासून जवळजवळ अकरा महिने संप केला. आमच्या आवाजाची नक्कल आम्हाला न विचारता करू नका, ही त्यांची मुख्य मागणी. त्यांचा पक्ष आम्हाला पटतो. फ्रान्समधल्या एका छोट्या संस्थेचा 'क्लेअर ऑब्स्क्युअर' हा २०२५ चा गाजलेला खेळ. त्यात एआयने केलेली थोडी तात्पुरती चित्रे राहून गेली होती. ती लगेच काढलीही. पण प्रवेशिका देताना एआय वापरले नाही असे सांगितले होते, म्हणून डिसेंबरात इंडी गेम अवॉर्ड्सने दिलेले दोन्ही पुरस्कार परत घेतले. शिक्षा कडक झाली खरी, पण ती बाजारच्या मावळ्यांची नव्हती. ते घरचे म्हणून सांगितल्याची होती.

घरचा किल्ला पाहायचा असेल तर लांब जायला नको. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ काढला. सर्कशीतली एक मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते, एवढीच गोष्ट. लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी त्या मंडळींनी काम सोडले नाही. त्यातल्या रंगवलेल्या भिंतींपुढे आम्ही लढाई विसरून उभे राहिलो आहोत, कारण इथे कोणाचा तरी हात फिरला आहे हे जाणवते. आमच्याच तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तो हाताने करीत करीत शिकावे म्हणूनच. चित्रकलेची वही घेऊन गेमच्या धंद्यात शिरू पाहणाऱ्या मुलांना आम्ही तेच सांगतो. यंत्र शिका, पण आधी हात चालू द्या.

जानेवारी २०२४ पासून 'स्टीम' या दुकानात गेममध्ये एआयचा माल असेल तर तसे पाटीवर लिहावे लागते. वनस्पतीच्या डब्यावर 'वनस्पती' लिहावे, तसेच हे. एपिक कंपनीचे टिम स्वीनी यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये मत मांडले, की पुढे सगळ्याच खेळांत एआय असणार, तेव्हा अशा पाटीला अर्थ नाही. वा! सगळेच भेसळ करू लागले म्हणून साजूक तुपाने नाव टाकायचे की काय?

पाटीचा हा आग्रह म्हणजे गेमवाल्यांचे चोचले, असे कोणाला वाटेल. त्यांनी आमच्या शिरूर तालुक्याला विचारावे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबुत भागात बिबट्याने लहान मुलांसह तिघांचा बळी घेतला. त्याच सुमारास महाराष्ट्रात ठिकठिकाणी एआयने बनवलेले खोटे बिबटे मोबाइलवर फिरू लागले. रात्री उसाला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याने कोणत्या चित्रावर विश्वास ठेवावा? खेळातला वाघ खोटाच असतो, हे आम्ही पैसे मोजतानाच जाणतो. म्हणून त्याला भिण्यात मजा आहे. खोटा असून खरा म्हणून आलेला बिबट्या मात्र खऱ्याची दहशत वाढवतो, आणि पुढे खऱ्याची बातमीही कोणी खरी मानीत नाही.

तेव्हा वाचकहो, यंत्राला हाकलून द्या असे आम्ही म्हणत नाही. ते आता घरात आले आहे, राहील. त्याने आपल्या कामावर आपले नाव लिहावे, एवढेच आमचे मागणे. आणि या सुट्टीत मुले एखादा नवा गेम दाखवायला आली, तर 'बंद कर ते' म्हणण्याआधी, हा किल्ला कोणी बांधला, एवढे त्यांना जरूर विचारा. उत्तर ऐकताना फराळ गार होत नसतो. दिवाळी सुखाची जावो.