साग आणि तुळस

श्रावण लागला कीं धारणीच्या चहूंकडील सागवनावर पांढुरक्या तुऱ्यांची झांक चढते. अंगणांतील वृंदावनांत तुळसही मंजिऱ्यांनीं डंवरते. या दोहोंमध्यें कांहीं नातें असेल, असें आमच्या मनांत कधीं आलें नव्हतें. इतकेंच नव्हे, तर तें नाहीं असें आम्हीं एका विद्यार्थ्यास ठासून सांगितलें होतें. आज त्या चुकीची कबुली वाचकांपुढें द्यावयाची आहे.

गोष्ट सुमारें १९८५ सालची. आमचा विषय संस्कृत. परंतु शास्त्राचे शिक्षक रजेवर असल्यामुळें त्यांचे तास व सहामाहीचे पेपर आमच्याकडे आले होते. ‘तुळशीच्या कुळांतील तीन वनस्पतींचीं नांवें लिहा’ असा एक प्रश्न होता. एका कोरकू मुलानें पुदिना, सब्जा आणि साग अशीं नांवें लिहिलीं. आम्हीं सागावर तांबडी रेघ ओढली आणि वर्गांत थोडे हंसलोंही. मुलगा उभा राहून म्हणाला, “गुरुजी, दोघांची कोवळी काडी चौकोनी असते. पानंही समोरासमोर येतात.” “पुस्तक पहा,” असें म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें.

पुस्तकांत काय होतें, तें सांगितलें पाहिजे. लिनीअसनें १७५३ सालीं वनस्पतींची जी मांडणी प्रसिद्ध केली, तींत पुंकेसरांची संख्या व ठेवण ही मुख्य खूण होती. तुळशीच्या फुलांत चार पुंकेसर, दोन लांब व दोन आंखूड. सेज म्हणजे साल्व्हिया हिच्या फुलांत दोनच. म्हणून ह्या जवळच्या बहिणी त्याच्या मांडणींत दोन निराळ्या वर्गांत पडल्या. पुढील पंडितांनीं अनेक लक्षणें एकत्र पाहून त्यांस एका कुळांत आणलें. बेंथम व हूकर यांचा १८६२ ते १८८३ या काळांत निघालेला ग्रंथ आमच्याकडील क्रमिक पुस्तकांचा आधार झाला. त्यांतही सेज तुळशीजवळ होती. साग मात्र व्हर्बिनेसी नांवाच्या शेजारच्या कुळांत होता. कारण असें कीं, तुळशीच्या बीजकोशाचे चार भाग असून स्त्रीकेसराची दांडी त्यांच्या मधून, तळापासून निघते. सागाची दांडी बीजकोशाच्या माथ्यावर असते. मराठी पुस्तकांत त्या व्हर्बिनेसी कुळास ‘साग-कुल’ असेंच म्हणत. मग आमची तांबडी रेघ चुकली कशी?

हें कोडें यंदाच्या उन्हाळ्यांत सुटलें. घरांत सरबतासाठीं सब्जा मागविला होता. वाण्यानें चियाची पुडी दिली. दोन्ही बीं पाण्यांत फुगून बुळबुळीत होतें. अमरावतीस वनस्पतिशास्त्र शिकणारी आमची नात सुट्टींत आली होती. ती म्हणाली, “आजोबा, चूक वाण्याची असली तरी पुडी घरांतलीच आहे. सब्जा तुळशीचा सख्खा भाऊ, आणि चिया ही मेक्सिको-ग्वाटेमालाकडची एक सेज. दोघांचं कूळ एकच.” बोलतां बोलतां तिनें सागही त्याच कुळांत आणून बसविला, तेव्हां आम्ही चमकलों.

तिनें सांगितलें तें असें. १९९२ सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, जुन्या व्हर्बिनेसींतील बराच भाग वंशानें तुळशीच्या कुळाचा आहे. पुढें वनस्पतींच्या पेशींतील डी.एन.ए. वाचून वंशावळ लावण्याची रीत आली. तीवर आधारलेली सपुष्प वनस्पतींची नवी मांडणी १९९८ सालीं निघाली; २००३, २००९ व २०१६ सालीं ती सुधारली गेली. साग, शिवण आणि निर्गुडी तुळशीच्या घरीं आल्या. घाणेरी जुन्याच घरीं राहिली. ज्याच्या नांवानें कूळ ओळखलें जाई, तो सागच तें कूळ सोडून गेला! आज या तुलसी-कुलांत सात हजारांवर जाती गणल्या जातात व त्यांपैकीं सुमारें एक हजार एकट्या सेजच्या आहेत. रोजमेरी हें निराळें झाड मानलें जाई; २०१७ सालीं तेंही सेजमध्यें सामील करण्याचें सुचविण्यांत आलें, कारण वंश तोच निघाला.

येथें वाचक विचारतील, मग फुलें इतकीं भिन्न कां? फूल हें पाहुण्याच्या सोयीप्रमाणें पालटत जातें. पुष्कळ सेजांच्या फुलांत पुंकेसराची दांडी तरफेसारखी टेकलेली असते. मधमाशीनें मधासाठीं डोकें आंत घातलें कीं खालचें टोंक ढकललें जातें, वरचें वांकतें आणि पराग तिच्या पाठीवर पडतो. अशी बारीक योजना पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीनें घडते व लवकर पालटते. काडीची ठेवण मात्र अनेकदां वाडवडिलांचीच राहते. सर्वच चौकोनी काड्या एका कुळाच्या नसतात हें खरें, पण येथें ती खूण फुलापेक्षां प्रामाणिक ठरली.

आपल्या घरांत ही गोष्ट समजण्यास कठीण नाहीं. कुलकर्णी, देशपांडे हीं आडनांवें वतनावरून पडलीं. दोन कुलकर्णी एका गोत्राचे असतीलच असें नाहीं. चरकानेंही वनस्पति, वानस्पत्य, वीरुध् आणि ओषधि असे चार भेद केले. ते फूल, फळ व वाढ यांवरून आहेत आणि वैद्याच्या कामास योग्यच आहेत. परंतु वंशाचा प्रश्न निराळा. त्यास कुलवृत्तान्तच चाळावा लागतो. आमच्या शेजारची कोरकू भाषा हेंच सांगते. चहूंबाजूंस मराठी, हिंदी व गोंडी असूनही तिचें नातें दूर झारखंडांतील मुंडारी व संताळी या भाषांशीं आहे. त्याच भाषेंत सागास ‘सिपना’ म्हणतात, आणि मेळघाटांतून वाहून तापीस मिळणाऱ्या नदीचेंही तेंच नांव आहे.

तो मुलगा आतां नातवंडांचा आजा आहे. गेल्या आठवड्यांत बाजारांत भेटला, तेव्हां आम्हीं त्याला सारें सांगितलें व त्या दिवशीं हंसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तो म्हणाला, “गुरुजी, काडी तर तेव्हांही चौकोनीच होती.” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पुस्तक त्या काळीं तसें होतें, ही आमची सबब खरी आहे. पण त्याच्यासह रानांत जाऊन काडी हातीं घेण्यास पुस्तकानें आम्हांस मना केलें नव्हतें.

घरांतील मुलांनीं तुळशीचें गळलेलें डहाळें व सागाची कोवळी फांदी बोटांत फिरवून पहावी. आणि त्यांनीं एखादें वेडेंवांकडें उत्तर दिलें, तर वडील मंडळींनीं तांबडी रेघ ओढण्यापूर्वीं एकदां अंगणांत जाऊन यावें.